आधी गटार, मग गुलाब : नाशिकमधल्या मोकळ्या जागेचं नियोजन कसं करावं

नाशिकमधल्या एखाद्या कॉलनीत ओपन स्पेसची बाग करायची ठरली की कामांचा क्रम बहुधा एकच असतो. आधी कमान आणि तिच्यावर नाव. मग कंपाउंड, कडेने पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, ग्रीन जिम, घसरगुंडी. उरलेल्या कोपऱ्यांत झाडं. दोन-तीन पावसाळे गेले की शेजारच्या गल्लीतलं ड्रेनेज तुंबतं आणि शोध लागतो, की चेंबर ट्रॅकखाली गाडलं गेलंय. मग ट्रॅक उखडायचा, लाइन मोकळी करायची, ब्लॉक पुन्हा बसवायचे. ते पहिल्यासारखे सपाट कधीच बसत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच, की हा क्रम उलटा करा. आधी कागद, मग जमिनीखालच्या लाइनी, मग पावसाचं पाणी, मग झाडं आणि सगळ्यात शेवटी खेळणी व कमान. पुढचं सगळं याच क्रमाने सांगतो. कॉलनी समिती, सोसायटी, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळ, कोणीही हे करू शकतं. वास्तुविशारद नंतर लागतोच, पण त्याला काय सांगायचं हे आधी ठरलेलं असावं.

जागा नेमकी कुठल्या प्रकारची आहे?

‘ती महापालिकेची जागा आहे’ असं कॉलनीत सगळेच म्हणतात, आणि पुष्कळदा ते खरं नसतं. मोकळी दिसणारी जागा चारपैकी एका प्रकारची असू शकते.

पहिला प्रकार म्हणजे अभिन्यासातली (म्हणजे प्लॉट पाडलेल्या ले-आउटमधली) खुली जागा, आपण जिला ओपन स्पेस म्हणतो ती. डिसेंबर २०२० पासून राज्यात लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार (तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात) ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या अभिन्यासात १० टक्के जागा करमणुकीसाठी खुली ठेवावी लागते. ती त्या अभिन्यासातल्या रहिवाशांच्या सामायिक वापरासाठी असते. दुसरा प्रकार विकास आराखड्यातलं आरक्षण : उद्यान, क्रीडांगण वगैरे. ही जमीन संपादन होईपर्यंत मूळ मालकाचीच असते. तिसरा प्रकार सुविधा भूखंड. तो शाळा, दवाखाना, बाजार अशा सोयींसाठी असतो, बागेसाठीच असेल असं नाही. चौथा प्रकार नाल्याकाठची किंवा नदीकाठची पट्टी. तिचं गणितच निराळं, त्यावर पुढे बोलू.

हे ओळखायला चार कागद लागतात. नगररचना विभागाकडून मंजूर अभिन्यासाची प्रत आणि त्या सर्व्हे नंबरचा विकास आराखड्यातला भाग नकाशा. तलाठी कार्यालयाचा किंवा ऑनलाइन सातबारा, आणि सिटी सर्व्हेत जागा असेल तर मालमत्ता पत्रक. चौथा कागद भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी. ती लोक टाळतात, कारण खर्च आणि वेळ लागतो. पण कंपाउंडची भिंत मोजणीआधी बांधली तर शेजारच्या प्लॉटधारकाशी वाद ठरलेला. कागद सरळ मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात ‘माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका. ‘सर्व्हे नंबर अमुकच्या मंजूर अभिन्यासाची प्रमाणित प्रत’ असं लिहा.

अभिन्यास जुना असेल तर तो ज्या नियमांखाली मंजूर झाला तेच बघावे लागतात, त्यामुळे आजच्या नियमावलीतले आकडे त्याच्यावर डोळे मिटून लावू नका. नवीन असेल तर एक आकडा पाठ ठेवा. ओपन स्पेसवर व्यायामशाळा, क्लब हाउस अशा करमणुकीच्या वापराचं बांधकाम चालतं, पण एकूण १५ टक्क्यांपर्यंतच, आणि त्यातही जमिनीवर १० टक्क्यांहून अधिक जागा व्यापता येत नाही. सभामंडप, अभ्यासिका, मंदिर, ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र, व्यायामशाळा असं एकेक येत गेलं की ही मर्यादा कधी ओलांडली ते कोणाच्या लक्षातही येत नाही. सगळे हेतू चांगलेच असतात. म्हणूनच आधी बेरीज मांडा. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने बंगळूरच्या एका प्रकरणात बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देणं बेकायदा ठरवलं होतं. रुग्णालय वाईट म्हणून नव्हे, तर जागा बागेसाठी राखलेली होती म्हणून.

आरक्षण असेल तर २०२७ कडे लक्ष ठेवा

नाशिकचा सुधारित विकास आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं आणि जमीन मोकळी. म्हणजे या आराखड्यातल्या पुष्कळ आरक्षणांची दहा वर्षं २०२७ मध्ये भरतात, आणि नेमका तोच सिंहस्थ कुंभमेळ्याचा काळ. सगळी यंत्रणा घाटांवर आणि साधुग्रामात गुंतलेली असणार.

तुमच्या भागात उद्यानाचं आरक्षण असेल तर आत्ताच लेखी विचारा : संपादन झालंय का, मालकाला टीडीआर (जमिनीच्या मोबदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन जागा ताब्यात आलीय का, नोटीस आलीय का. प्रभागातल्या एकाच नगरसेवकाला भेटून थांबू नका. नाशिकमध्ये बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक आहेत, चौघांनाही पत्राची प्रत द्या. आणि त्याच अधिनियमाच्या कलम ३७ खाली आरक्षण बदलण्याची सूचना निघते तेव्हा हरकतीसाठी एक महिना मिळतो. ती सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. रोजचा पेपर चाळताना जाहीर सूचनांचं पान बघायचं काम समितीतल्या एकाकडे कायमचं सोपवा.

किती माणसांसाठी?

समजा, दोन हेक्टरचा अभिन्यास आहे. १० टक्के म्हणजे २,००० चौरस मीटर, ५० बाय ४० चा तुकडा. पूर्वी बंगले होते, आता इमारती झाल्या, घरं दीडशे, माणसं सहाशे धरू. दर माणशी जेमतेम ३.३ चौरस मीटर. केंद्र सरकारची २०१५ ची नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वं शहरासाठी दर माणशी १० ते १२ चौरस मीटर खुली जागा सुचवतात, आणि पाच हजार वस्तीमागे अर्ध्या हेक्टरची एक बाग.

या हिशेबाचा उपयोग काय? जागा अपुरी आहे हे कागदावर आलं की ‘सगळ्यांसाठी सगळं’ हा हट्ट सुटतो. शेजारच्या तीन कॉलन्यांच्या समित्या एकत्र बसवा. एकीकडे मुलांना क्रिकेट खेळायला मोकळं मैदान, दुसरीकडे घसरगुंड्या आणि लहान मुलं, तिसरीकडे गर्द झाडी आणि बाक. प्रत्येक तुकड्यात तीच ग्रीन जिम बसवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आठवड्यातल्या एका कामाच्या दिवशी आणि एका रविवारी, सकाळी आणि संध्याकाळी, जागेवर कोण येतं ते नुसतं मोजून घ्या. दुपारी सावलीत डबा खाणारे मजूर आणि डिलिव्हरीवाली मुलंही मोजा. ती कॉलनीच्या बैठकीला येत नाहीत, पण बाक सर्वांत जास्त तीच वापरतात.

जमिनीखाली काय आहे?

इथे घाई करू नका. कोऱ्या नकाशावर जागेची हद्द काढा आणि पाणीपुरवठा, भुयारी गटार, पावसाळी गटार, महावितरण, गॅस आणि फायबर अशा प्रत्येकाची लाइन वेगळ्या रंगाने दाखवा. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात पाणी आणि ड्रेनेजचे अभियंते बसतात. त्यांच्याकडे नकाशा नसेल तर जुना फिटर किंवा व्हॉल्व्हमन हाच नकाशा. त्याला जागेवर बोलवा, चहा पाजा आणि चुन्याने रेघ मारून घ्या.

भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शक खोल्या अशा : पाण्याची घरगुती लाइन ०.६ ते १ मीटर, मुख्य लाइन १ ते १.५ मीटर. लघुदाब वीजकेबल ०.६ ते १, उच्चदाब १.५ ते २. गॅस २ ते ३ मीटर. मुख्य मलवाहिनी २ ते ६ मीटर. प्रत्यक्षात फायबरची केबल वीतभर खोलीवरही सापडते. म्हणून शंका असेल तिथे आधी हाताने चाचणी खड्डा घ्यायचा. जेसीबी त्यानंतर.

पिण्याच्या पाण्याची लाइन आणि ड्रेनेज यांत आडवं अंतर किमान ३ मीटर हवं. एकमेकींना ओलांडत असतील तर पाण्याची लाइन वर आणि ड्रेनेजपासून अर्धा मीटर उंच. कारण साधं आहे. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच येतं. बाकीच्या वेळी पाइप रिकामा असतो, आणि सांध्यात फट असेल तर आजूबाजूचं घाण पाणी आत ओढलं जातं. बागेत भिजलेल्या जमिनीत शेजारी-शेजारी गेलेल्या या दोन लाइनी म्हणजे कॉलनीत काविळीला आमंत्रण.

मग बागेच्या एका कडेने तीन मीटरची पट्टी लाइनींसाठी राखून ठेवा. तिच्यावर मोठं झाड नको, काँक्रीट नको. गवत किंवा मुरूम चालेल. सगळी चेंबरं जमिनीच्या पातळीला उघडी ठेवा. झाकण मातीखाली गेलं की ते शोधायला पुढच्या वेळी अर्धी बाग खोदली जाते. आणखी एक गोष्ट, जी करायला जवळजवळ खर्च नाही : ट्रॅक टाकण्याआधी दर काही अंतरावर त्याच्याखालून ११० मिलिमीटरचा रिकामा पीव्हीसी पाइप आडवा घालून ठेवा, दोन्ही तोंडं बंद करून. उद्या दिव्याची केबल, ठिबकची नळी, कॅमेऱ्याची वायर काहीही न्यायचं झालं तरी ट्रॅकला हात लागत नाही.

वीज वरूनही जाते. ११ केव्हीच्या तारेपासून बांधकामाला उभं ३.७ मीटर आणि आडवं १.२ मीटर अंतर हवं. घसरगुंडीचा मनोरा, झोक्याचा खांब, मांडवाचे बांबू या तारांखाली येऊ देऊ नका. नवरात्रात मांडव कुठे पडतो तेही आत्ताच नकाशावर दाखवा. १३२ केव्हीची लाइन जात असेल तर तिचा २७ मीटरचा पट्टा गवताळ मोकळा सोडणं एवढंच करता येतं. रोहित्राची (ट्रान्सफॉर्मरची) जागा मात्र रस्त्यालगत द्या, महावितरणची गाडी थेट पोचेल अशी, भोवती जाळी. ‘दिसायला बरं दिसत नाही’ म्हणून रोहित्र बागेच्या आत ढकललं, की मुलांचा चेंडू तिथेच जातो.

सिंहस्थाच्या तोंडावर शहरभर रस्ते आणि लाइनींची खोदाई चालते. तुमच्या गल्लीतलं काम त्या यादीत आहे का ते विचारा. असेल तर ट्रॅकचं टेंडर त्यानंतरच.

पाऊस : जागेचं खरं उत्पन्न

नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. २,००० चौरस मीटरवर ते १४ लाख लिटर होतात. तासाला ५० मिलिमीटरची सर आली तर एका तासात एक लाख लिटर. जागा पूर्ण पेव्हर ब्लॉकने मढवली असेल तर त्यातलं ८० हजार लिटरच्या वर पाणी रस्त्यावर जातं. मोकळी, गवताळ असेल तर पंचवीस-तीस हजार. दहीपूल आणि सराफ बाजारात पावसाळ्यात पाणी का शिरतं याचं एक कारण सरस्वती नाला आहे. आणि दुसरं, वरच्या वस्त्यांमधून पूर्वी मुरायचं ते पाणी आता थेट वाहून येतं.

आधी उतार शोधा. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन जागेवर उभं राहणं हे कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा स्वस्त. पाणी कुठून शिरतं, कुठे साचतं, कुठून निसटतं ते मोबाइलवर टिपा. मग मुरण्याची चाचणी घ्या : फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा, दोनदा पाण्याने भरायचा, दुसऱ्यांदा भरल्यावर तासात पाणी किती उतरतं ते पट्टीने मोजायचं. तासाला दीड-दोन सेंटिमीटर किंवा जास्त उतरलं तर तिथे खोलगट हिरवळ चालते : आजूबाजूपेक्षा वीतभर खाली, पाणी येऊन थांबेल आणि दिवसभरात मुरेल अशी. त्याहून कमी असेल तर खाली काळी माती किंवा अखंड बेसॉल्ट आहे. मग दगड-गोट्यांनी भरलेला चर काढून जादा पाणी पावसाळी गटारात सोडा. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडू नका, पुष्कळ ठिकाणी तेच करतात आणि मग पावसात शौचालयं उलटी वाहतात.

उन्हाळ्याचा हिशेबही याच वेळी मांडा. लॉनला मे महिन्यात चौरस मीटरमागे दिवसाला पाचेक लिटर पाणी लागतं. हजार चौरस मीटर लॉन म्हणजे रोज पाच हजार लिटर, एक टँकर. दर माणशी १३५ लिटरच्या मानकाने ते ३७ माणसांचं पाणी झालं. गंगापूर धरणाच्या भरवशावर एवढी चैन नको. लॉन हवंच असेल तर लहान मुलं लोळतील तेवढाच तुकडा, बाकी देशी गवत आणि झाडांखाली पाचोळा. झाडांसाठी मलनिस्सारण केंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी मागा. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक, गंगापूर या ठिकाणी अशी केंद्रं आहेत. मुलं खेळतात त्या गवतावर ते मारू नका.

नदी-नाल्याकाठची पट्टी

गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलंय यावर आपण पूर मोजतो. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर पाहिलेल्यांना अधिक सांगायला नको. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेमधल्या जमिनीवर बांधकाम निषिद्ध आहे, पण बाग, हिरवळ, मोकळी जागा, खुला भाजीबाजार चालतो. म्हणजे गोदावरी, नासर्डी, वाघाडी, वालदेवीकाठी शहराला सर्वांत मोठी बाग मिळू शकते, अट एकच : ती पुरात बुडणार हे धरूनच ती आखायची. दगडी पायऱ्या आणि बाक चालतात. खांबावरची वीजपेटी, लाकडी डेक, महागडे झोके, संरक्षक भिंत नको. भिंत पाणी अडवते, कचरा धरते आणि शेवटी पडते. नाल्याच्या काठावर काँक्रीटचा थर देऊन ‘सुशोभीकरण’ करायची हौसही आवरा.

झाडं

मोठं झाड ८ ते १० मीटर अंतरावर, मध्यम ५ ते ६ मीटरवर. वड, पिंपळ, उंबर यांना लाइनी आणि भिंतींपासून लांब, मधोमध जागा द्या, एकच लावा पण मोकळं वाढू द्या. कडुलिंब, करंज, बहावा, ताम्हण, कांचन, बकुळ, कदंब नाशिकच्या हवेत छान येतात. ओलाव्याच्या कडेला अर्जुन. जांभूळ लावाच, पण ट्रॅकवर नको, जून महिन्यात सगळ्यांच्या चपला जांभळ्या होतील. तारांखाली पारिजातक, जास्वंद, तगर. कण्हेर मुलांच्या जागी नको, ती विषारी. गुलमोहर दिसतो सुंदर, वादळात फांद्या टाकतो. कोनोकार्पस झटपट हिरवी भिंत देतो म्हणून नर्सरीवाले गळ्यात मारतात. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, तेवढं पुरे.

आपल्याकडे मुरूम आणि कातळ लवकर लागतो, म्हणून खड्डा मीटरभर लांब, रुंद, खोल, आणि तो मे महिन्यातच काढून तापू द्यावा. एक-दोन चांगले पाऊस झाले की सहा-आठ फुटी रोप लावा. बुंध्याभोवती मीटरभर जागा काँक्रीट आणि ब्लॉकविना सोडा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी हेच सांगितलं होतं.

आधीपासून असलेलं झाड नकाशावर पहिल्यांदा मांडा आणि ट्रॅक त्याला वळसा घालून न्या. महाराष्ट्रातल्या झाडांच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘हेरिटेज वृक्ष’ म्हटलंय, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडून. साठ वर्षांच्या चिंचेबदल्यात साठ रोपं हे ऐकायला न्याय्य वाटतं, पण २,००० चौरस मीटरच्या तुकड्यात साठ झाडांना जागा कुठून आणणार?

आता वस्तू

ट्रॅक दीड ते पावणेदोन मीटर रुंद, दोन माणसं गप्पा मारत चालतील इतका. पृष्ठभाग दाबलेल्या मुरमाचा असेल तर गुडघ्यांना बरा आणि पाणीही मुरतं. फाटक व्हीलचेअर जाईल असं, रॅम्पचा उतार १ ला १२. झोके-घसरगुंडीखाली फूटभर वाळू आणि चारही बाजूंना सुमारे दोन मीटर मोकळी जागा. दिवे उंच खांबांवर थोडे लावण्यापेक्षा बुटके जास्त लावा, कोपरे अंधारात राहत नाहीत. शौचालय आणि पिण्याचं पाणी नसेल तर बायका आणि म्हातारी माणसं अर्ध्या तासात उठून जातात, म्हणून कारंज्याचे पैसे तिकडे वळवा.

मंजुरी आणि देखभाल

आराखडा तयार झाला की उद्यान, नगररचना, पाणीपुरवठा, ड्रेनेज, विद्युत या विभागांना एकाच दिवशी एकच नकाशा द्या आणि आवक क्रमांक घ्या. प्रत्येक विभागाची टिप्पणी वेगवेगळी मागत बसलात तर वर्ष जाईल. समितीतल्या लोकांनी एक संयुक्त पाहणी मागावी. सगळे अभियंते जागेवर एकत्र उभे राहिले की चेंबरचा प्रश्न दहा मिनिटांत सुटतो. अंदाजपत्रकात खर्चाचा क्रम या लेखाच्याच क्रमाने लावा, म्हणजे निधी मधेच संपला तर राहील ती कमान, गटार नव्हे.

देखभालीच्या ठेक्यात तीन गोष्टी शब्दांत लिहून घ्या : रोपांना सलग दोन उन्हाळे पाणी, मेलेलं रोप त्याच पावसाळ्यात बदलणं, आणि पावसाळ्याआधी सगळी चेंबरं व चर साफ करून फोटो देणं. काम संपल्यावर ठेकेदाराकडून प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा घ्या. मूळ आराखडा चालणार नाही, लाइनी प्रत्यक्षात कुठून गेल्या ते हवं. त्याची एक प्रत विभागीय कार्यालयात, एक समितीकडे, आणि एक प्लास्टिकमध्ये घालून माळ्याच्या खोलीच्या दारामागे चिकटवा. रात्री अकराला लाइन फुटते तेव्हा कार्यालय बंद असतं.